मध्ययुगीन अरबी वैद्यकातली ‘लागण’ कशी वाचावी

वाळूत बागडणाऱ्या हरणांसारखे तुकतुकीत उंट. त्यांच्यात एक खरजेचा उंट येऊन मिसळतो आणि पाहता पाहता साऱ्या कळपाला खरूज होते. ही लागण नव्हे तर काय, असे एका बदाऊनाने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, प्रेषित मुहंमदांना विचारले, तेव्हा ‘मग पहिल्या उंटाला ती कोणाकडून लागली?’ असा उलट प्रश्न त्यांनी केला, असे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेत, येते. मध्ययुगीन मुस्लिम जगात रोग आणि लागण यांविषयी जे लिहिले गेले, त्यातल्या बऱ्याच मजकुराच्या पाठीमागे हा उंट उभा आहे. वैद्य त्याचे नाव घेत नसला तरी त्याच्या वाचकाला तो माहीत असतो. धर्मशास्त्री तर पुष्कळदा त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

भाषांतरांच्या आधारे हा विषय वाचू पाहणाऱ्या आणि त्यावर लेख किंवा टिपण लिहू पाहणाऱ्या वाचकासाठी पुढची पद्धत आहे. अरबी येत असेल तर उत्तमच, पण येत नसली तरी काम अडत नाही. मात्र चार-पाच मूळ शब्द अरबीतच लक्षात ठेवावे लागतात आणि एक वही लागते, जिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारलेली असेल. रेघेच्या डावीकडे लेखकाने काय पाहिले ते लिहायचे, उजवीकडे त्याने त्याचे कारण काय दिले ते. या विषयातले बहुतेक गोंधळ या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

आधी शब्द

पहिला शब्द ‘अदवा’. त्याच्या धातूचा अर्थ धावणे, हद्द ओलांडून पलीकडे जाणे असा आहे. उर्दू शायरीतून ओळखीचा असलेला ‘अदू’, म्हणजे वैरी, हाही त्याच धातूपासून आलेला. रोग एका शरीराची हद्द ओलांडून दुसऱ्यात शिरतो एवढेच हा शब्द सांगतो. काय शिरते आणि कसे शिरते याविषयी तो गप्प असतो. मराठीत त्यासाठी ‘संसर्ग’ हा शब्द सहज सुचतो, आणि त्याचा मूळ अर्थही केवळ संपर्क किंवा सहवास असाच आहे. परंतु आजच्या वाचकाला तो ऐकताच जंतू दिसू लागतात. ‘लागण’ हा शब्द ‘अदवा’इतकाच अलिप्त आहे, म्हणून मी तोच वापरतो.

दुसरी जोडी ‘वबा’ आणि ‘ताऊन’ यांची. वबा म्हणजे कोणतीही पसरलेली साथ. ताऊन म्हणजे काखेत, जांघेत किंवा मानेवर गाठी आणणारी ठरावीक व्याधी, जिला आपण गाठीचा ताप किंवा प्लेग म्हणतो. प्रत्येक ताऊन ही वबा असते, पण प्रत्येक वबा ही ताऊन नसते, असा भेद ११४९ मध्ये निधन पावलेल्या काझी इयाद यांनी केला आणि पुढच्या लेखकांनी तो वारंवार उद्धृत केला. सुरुवातीला मी दोन्हींसाठी ‘साथ’ हाच शब्द घालत गेलो, आणि बरीच पाने झाल्यावर लक्षात आले की ज्या भेदावर लेखक वाद घालत होता तो भेदच माझ्या टिपणांतून नाहीसा झाला आहे. ती पाने पुन्हा लिहावी लागली.

रोगांची नावे त्या मानाने सोपी आहेत: जुदरी म्हणजे देवी, हसबा म्हणजे गोवर, जरब म्हणजे खरूज, रमद म्हणजे डोळे येणे, सिल म्हणजे क्षय, जुझाम म्हणजे महारोग आणि बरस म्हणजे कोड. ही नावे लक्षणांवरून पडलेली आहेत, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. आजच्या निदानाशी ती दर वेळी तंतोतंत जुळतील असे धरून चालू नये.

वैद्य लिहितो तेव्हा

मजकूर हाती आला की लिहिणारा वैद्य आहे, धर्मशास्त्री आहे, की राजकारभार पाहणारा, हे आधी ठरवावे. वैद्य असेल तर त्याच्या पाठीशी ग्रीक वैद्यक असते. बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्य गेलनचे ग्रंथ अरबीत आणले, आणि त्यांच्याबरोबर चार दोषांचा सिद्धांतही आला: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांचा तोल गेला की रोग होतो. हा तोल ज्याचा त्याच्या शरीरात जातो. मग एकाच वेळी शेकडो माणसे एकाच रोगाने आजारी का पडतात? कारण सगळी तीच हवा घेतात, हे त्याचे उत्तर. हवा कुजली, पाण्यात घाण मिसळली, प्रेते उघड्यावर सडली की साथ येते. या रचनेत लागणीची फारशी गरजच उरत नाही, आणि तरीही वैद्य लागट रोगांच्या याद्या देत राहतात. सिद्धांताला नको असलेली गोष्ट यादीत का येते, हा प्रश्न धरून वाचले की मजकूर उलगडू लागतो.

इब्न सिना (९८०–१०३७) याच्या ‘कानून’ या वैद्यकीय ग्रंथाच्या पहिल्या खंडातली छोटी यादी त्यासाठी सावकाश वाचण्यासारखी आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत तो महारोग, खरूज, देवी, साथीचा ताप आणि सडलेले व्रण सांगतो, आणि पुढे जोडतो की घरे दाटीची असली म्हणजे, किंवा शेजारी वाऱ्याच्या खालच्या बाजूला असला म्हणजे, हे विशेष घडते. मग डोळे येणे, तेही विशेषतः आलेल्या डोळ्यांकडे टक लावून पाहणाऱ्याला. मग दात आंबणे, जे नुसती आंबट वस्तू मनात आणल्यानेही होते. शेवटी क्षय आणि कोड.

दात आंबण्यापाशी वाचक हसतो आणि पुढे जातो. तिथेच थांबावे. देवी आणि दात आंबणे एका यादीत बसतात, याचाच अर्थ असा की ही यादी ‘एका शरीरातून निघून दुसऱ्या शरीरात शिरणाऱ्या पदार्थां’ची नाही; एकाची अवस्था पाहून, जवळ राहून, श्वासातून किंवा कल्पनेनेही दुसऱ्याची अवस्था तशीच होते, अशा सर्व घटना इथे एकत्र केलेल्या आहेत. दाटीची घरे आणि वाऱ्याची दिशा हे मात्र निखळ निरीक्षण आहे. ते डाव्या रकान्यात जाते. डोळ्यांतून डोळ्यांत होणारी लागण ही पाहण्याच्या क्रियेविषयीच्या तत्कालीन कल्पनांशी जोडलेली असल्यामुळे तिचा निम्मा भाग डावीकडे आणि निम्मा उजवीकडे लिहावा लागतो: डोळे आलेल्यांच्या जवळ राहणाऱ्यांचे डोळे येतात हे पाहिलेले, आणि ते नजरेमुळे येतात हे लावलेले कारण.

जाता जाता एक गोष्ट. सुश्रुतसंहितेत माणसाकडून माणसाकडे जाणारे रोग म्हणून कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद यांची नावे येतात, आणि शरीरस्पर्श, निःश्वास, सहभोजन, वापरलेली वस्त्रे व माळा ही लागणीची साधने म्हणून येतात. अली इब्न रब्बन अल-तबरी याने ८५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘फिरदौस अल-हिक्मा’च्या शेवटच्या भागात भारतीय वैद्यकाची माहिती दिली आहे, त्यामुळे दोन याद्या शेजारी ठेवून ‘हे तिकडून आले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. महारोग, ताप, क्षय आणि डोळे येणे हे रोग दोन्हीकडच्या वैद्यांना रोज दिसत होते. सारख्या यादीसाठी तेवढे कारण पुरते.

बालबक्कचा ख्रिस्ती वैद्य आणि भाषांतरकार कुस्ता इब्न लूका याने तर लागणीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आजारी शरीरातून निरोगी शरीरावर उडणारी ठिणगी, आणि तिच्यामुळे त्याच आजाराचे दुसऱ्या शरीरात प्रकट होणे, अशी त्याची व्याख्या आहे. हे नुसते ‘वैद्यक’ आहे, त्यावर उंटाची सावली नाही. आणि ‘मुस्लिम वैद्यक’ म्हणताना त्यात ख्रिस्ती आणि ज्यू वैद्यांचाही मोठा वाटा होता, हे कुस्ताच्या निमित्ताने नोंदवून ठेवावे.

रेघेच्या दोन बाजू

पद्धतीचा सराव करायला वैद्य अल-राझी (८६५–९२५) याची देवी-गोवरावरची पुस्तिका उत्तम. सतत चढलेला ताप, पाठदुखी, नाकात खाज, झोपेत दचकणे ही देवीची पूर्वचिन्हे. गोवरात पाठदुखी कमी, पण मळमळ, तगमग आणि घालमेल जास्त. हा सगळा मजकूर डावीकडे येतो, आणि तो वाचताना खाटेशी बसलेला वैद्य डोळ्यांसमोर उभा राहतो. आता उजवीकडे पाहा. लहान मुलाचे रक्त ताज्या फळाच्या रसासारखे, तरुणाचे आंबून तयार झालेल्या रसासारखे, म्हाताऱ्याचे जोर ओसरलेल्या मद्यासारखे. रस पक्व होताना जसा फसफसतो तसे मुलाचे रक्त फसफसते आणि देवी उमटतात, म्हणून त्यातून क्वचितच एखादे मूल सुटते. या स्पष्टीकरणाला लागणीचा आधार लागतच नाही. देवीचे इतके बारीक वर्णन करणारा माणूस देवी लागट आहे या मुद्द्यावर पुस्तिका उभारत नाही, याचे आश्चर्य वाटते ते आपल्याला. त्याच्या दृष्टीने, जे जवळजवळ प्रत्येक मुलाला होते ते वाढीचाच भाग होते.

कैरोचा इब्न रिदवान (अकराव्या शतकाचा पूर्वार्ध) हवेच्या सिद्धांताचा पक्का, पण त्याची डावी बाजू विलक्षण भरते. फुस्तात या जुन्या कैरोतल्या अरुंद गल्ल्या आणि उंच इमारती, हमामांच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांच्या, भट्ट्यांचा धूर, घरात मेलेली मांजरे-कुत्री रस्त्यावर टाकण्याची लोकांची सवय, आणि ज्या नाईलचे पाणी प्यायचे तिच्यातच सोडलेली घाण, हे सारे तो नोंदवतो. कारण चुकीचे असले तरी उपाय उपयोगी असू शकतो, हे त्याच्या पाणी उकळण्याच्या आणि गाळण्याच्या सल्ल्यावरून दिसते.

खरी कसोटी १३४८ च्या प्लेगच्या महामारीत लागते. स्पेनमधल्या अल्मेरियाचा वैद्य इब्न खातिमा आणि ग्रॅनडाचा वजीर इब्न अल-खतीब (१३१३–१३७४) या दोघांनीही ती जवळून पाहिली. इब्न खातिमा लिहितो की ज्या बाजारात मेलेल्यांचे कपडे आणि अंथरुणे विकली जात, तिथले जवळजवळ सगळे विक्रेते मेले. यापेक्षा नेमके निरीक्षण मिळणे कठीण. आणि तरीही त्याच्या मते साथीचे जवळचे कारण बिघडलेली हवाच आहे, आजाऱ्याच्या अंगातून निघणारी वाफ ती बिघडवते, आणि हे सारे ईश्वराच्या आज्ञेने होते. वाचकाने हा विरोध मिटवण्याची घाई करू नये. दोन्ही वाक्ये आपापल्या रकान्यात लिहून ठेवावीत.

इब्न अल-खतीब अधिक धारदार आहे. कपड्यातून, भांड्यातून, अगदी कानातल्या डुलातूनही रोग घरात आल्याचे तो सांगतो. निरोगी बंदरात रोग्याला घेऊन जहाज लागते आणि तिथून साथ सुरू होते, हेही सांगतो. मोरोक्कोतल्या साले गावच्या एका धार्मिक गृहस्थाची हकीकत त्याच्याच लेखनात आहे: लागणीवर त्याचा विश्वास होता, त्याने धान्य भरून ठेवले, भल्या मोठ्या कुटुंबासह स्वतःला कोंडून घेऊन दारच विटांनी बांधून काढले, आणि गाव ओस पडत असताना त्या घरातला एकही माणूस गेला नाही. परंपरेने आलेले वचन जर इंद्रियांच्या साक्षीच्या विरुद्ध जात असेल तर त्या वचनाचा वेगळा अर्थ लावला पाहिजे, असे तो स्पष्ट लिहितो. आणि संपर्कात येऊनही काही जण का वाचतात? शरीराची तयारी कमीजास्त असते म्हणून. हे उत्तर पुन्हा जुन्या वैद्यकातलेच आहे; त्यात सूक्ष्मजंतू शोधू नयेत.

धर्मशास्त्री लिहितो तेव्हा

इथे वाचकाचा सूर चटकन बदलतो आणि तो ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून मोकळा होतो. त्याआधी परंपरेतली वचने एकत्र वाचावीत, कारण धर्मशास्त्र्यालाही ती एकत्रच वाचावी लागत होती: लागण नाही, असे एक वचन, महारोग्यापासून सिंहापासून पळावे तसे पळा, असे दुसरे, आजारी उंट निरोगी उंटांजवळ आणू नका, असे तिसरे, जिथे ताऊन आहे तिथे जाऊ नका आणि जिथे तुम्ही आहात तिथे तो आला तर बाहेर पडू नका, असे चौथे. यांचा मेळ घालताना अनेकांनी असा मार्ग काढला की रोग स्वतःच्या बळावर कोणाकडेही जात नाही, ईश्वर दर वेळी तो निर्माण करतो, आणि जवळीक हा त्याचा नेहमीचा प्रसंग असतो. कापूस विस्तवाजवळ नेला की जळतो, पण जाळणारा विस्तव नव्हे, या धर्मशास्त्री अल-गझालीच्या (मृत्यू ११११) दृष्टान्ताशी हे जुळते. व्यवहारात त्याचा अर्थ ‘काळजी घेऊ नका’ असा होत नाही.

६३८–६३९ च्या, पॅलेस्टाइनमधल्या अमवास गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साथीची हकीकत हे दाखवते. सीरियाकडे निघालेले खलिफा उमर सर्घ येथे साथीची बातमी कळताच मागे फिरले. ‘ईश्वराच्या संकल्पापासून पळता?’ असे सीरियातले सेनापती अबू उबैदा यांनी विचारले. उमर म्हणाले, होय, ईश्वराच्या एका संकल्पाकडून त्याच्याच दुसऱ्या संकल्पाकडे. मग त्यांनी दरीच्या दोन उतारांचे उदाहरण दिले: एक हिरवा, एक ओसाड, उंट कुठेही चारले तरी ते ईश्वराच्या संकल्पानेच. अबू उबैदा सीरियातच राहिले आणि त्या साथीत गेले. ‘बाहेर पडू नका’ या नियमाचे कारण देताना अल-गझाली म्हणतो की धडधाकट माणसे निघून गेली तर रोग्यांना पाणी द्यायलाही कोणी उरणार नाही. म्हणजे या नियमाला आज ‘विलगीकरण’ म्हणणे अर्धवट ठरेल. त्याचे एक प्रयोजन शुश्रूषा हेही होते.

कैरोचा हदीसपंडित इब्न हजर अल-अस्कलानी (१३७२–१४४९) हा या सगळ्यांत मला सर्वांत वाचनीय वाटतो. त्याच्या तीन मुली ताऊनने गेल्या, दोन १४१६ च्या सुमारास आणि तिसरी १४३० च्या साथीत, आणि ताऊनवरचा त्याचा ग्रंथ त्याच साथीच्या काळात पूर्ण झाला. त्याच्या मते ताऊन हा जिन्नांनी केलेला घाव आहे. एवढे वाचून पान उलटले तर मोठे नुकसान होते, कारण वैद्यांच्या हवेच्या सिद्धांतावर त्याने घेतलेले आक्षेप उत्कृष्ट आहेत: हवा बिघडली असती तर एकाच घरातल्या एकाला रोग होऊन दुसरा सुटला नसता, आणि उत्तम हवेच्या प्रदेशात, उत्तम ऋतूत ताऊन आला नसता. उजव्या रकान्यात जिन्न, पण डावीकडे पाहा.

त्याची सर्वांत बोलकी नोंद १४३० ची, म्हणजे हिजरी ८३३ ची आहे. कैरोत रोज चाळीसहून कमी माणसे मरत होती. लोकांनी तीन दिवस उपवास केले आणि मग शहराबाहेरच्या वाळवंटात जमून सामुदायिक प्रार्थना केली. महिना उलटायच्या आत रोजचे मृत्यू हजाराच्या वर गेले. इब्न हजर ही नोंद अशा सामुदायिक प्रार्थनेला शास्त्राधार नाही हे दाखवण्यासाठी करतो. आपण ती वाचताना गर्दी आणि लागण यांचा संबंध जोडतो. हा संबंध आपण जोडतो, तो नव्हे, हे टिपणात लिहायला विसरू नये.

लोकप्रिय विधाने तपासताना

काही विधाने इतकी फिरली आहेत की ती आधीच माहीत असलेली बरी. चाळीस दिवसांचे विलगीकरण इब्न सिनाने सुरू केले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जहाजे आणि प्रवासी ठरावीक दिवस अडवून ठेवण्याचा प्रसिद्ध आरंभीचा आदेश एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या दुब्रोव्निक बंदराचा, १३७७ चा, आणि तोही तीस दिवसांचा. सेव्हिलचा इब्न झुहर (मृत्यू ११६२) याने खरजेतल्या त्वचेखालचा, जेमतेम दिसणारा जीव वर्णिला हे खरे. पण त्यावरून त्याने लागणीचा जंतुसिद्धांत मांडला असे म्हणता येत नाही. कैरोच्या १२८४ च्या मन्सूरी रुग्णालयात ताप, डोळ्यांचे विकार, जखमा आणि अतिसार यांच्यासाठी वेगळी दालने होती. ती लागण टाळण्यासाठी नव्हे, उपचाराच्या सोयीने केलेली विभागणी दिसते. इब्न अल-खतीबला १३७४ मध्ये फेझच्या तुरुंगात गळा दाबून मारले, ते लागण मानली म्हणून, असेही कुठे कुठे वाचायला मिळते. त्याच्यावर पाखंडाचा आरोप गूढवादावरच्या लेखनावरून आणि दरबारी वैरातून झाला होता.

तारखांकडेही लक्ष असावे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्याचा आरंभ सरकत राहतो आणि ते बहुधा इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरते. ७४९ हे वर्ष १३४८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. ‘१३४९ ची साथ’ आणि ‘१३४८ ची साथ’ या पुष्कळदा एकच असतात.

आणि मांसाची गोष्ट. बगदादमध्ये रुग्णालय कुठे बांधावे हे ठरवण्यासाठी अल-राझीने शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे ते सर्वांत उशिरा सडले ती जागा निवडली, असे तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न अबी उसैबिआ सांगतो. ज्या अदुदी रुग्णालयाशी ती जोडली जाते ते ९८२ च्या सुमारास उभे राहिले, आणि अल-राझी त्याच्या अर्धशतकाआधी वारला होता. तरीही ही गोष्ट फेकून देऊ नये. चांगली हवा म्हणजे जिथे मांस उशिरा सडते ती हवा, ही समजूत तीत स्वच्छ उतरली आहे. तेव्हा ती वहीत घ्यावी, फक्त अल-राझीच्या पानावर न घेता इब्न अबी उसैबिआच्या पानावर, तेराव्या शतकात आणि रेघेच्या उजवीकडे.